मैंदर्गीच्या आत्यानं विद्यापीठ बघितलं

आमच्या घराण्यात पोरीला कुठं द्यायचं, हे चहाच्या कपावर ठरायचं. कप मैंदर्गीच्या आत्याचा. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण, मैंदर्गीला दिलेली, नाव बसव्वा, पण ते नाव घ्यायची छाती कुणाची नव्हती. भाऊ तिला आक्का म्हणत, आम्ही पोरं आत्या म्हणायचो आणि पाठीमागं सगळेच 'मैंदर्गीची' म्हणत. एखाद्या पोरीला स्थळ आलं की मुलाचं घर बघायला जी मंडळी जात, त्यांच्यात आत्या हवीच. पुरुष बैठकीत लोडाला टेकून ज्वारीचा भाव आणि पाऊसपाणी उरकत, तोवर आत्या ते घर पालथं घालायची. मोरीत डोकावायची, नळ सोडून बघायची, पिठाच्या डब्यात हात घालायची. त्या घरात आधीची सून असली तर तिला 'चल, तुझी गच्ची दाखव' म्हणून वर न्यायची आणि दोघींतच काय ते बोलून खाली यायची. मग बसायची चहाला. घर पसंत असलं तर कप रिकामा करून बशीत टक्कन ठेवायची. नापसंत असलं तर अर्धा चहा तसाच. तो अर्धा कप बघितला की दोडप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, खाकरून म्हणायचे, "इचार करून कळवतो." पुढं कळवायचं काहीच नसायचं. मंडळी जीपमध्ये बसून सोलापूरला परत.

पुढं आयुष्यात मी पुष्कळ तपासणी समित्या बघितल्या. मी शिकवते त्या कॉलेजात दर काही वर्षांनी एक येते. आठवडाभर आधीपासून भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू, आम्हा बायकांना एकाच रंगाच्या साड्या. समिती काजू खाते, फोटो काढून घेते आणि आमची मोरी न बघता निघून जाते. अशा वेळी मला हमखास आत्या आठवते. ती असती तर आमच्या कॉलेजचा चहा अर्धाच राहिला असता, हे मी प्राचार्यांना अजून सांगितलेलं नाही.

आमचं भुसाराचं दुकान खाली आणि घर वर. दिवसभर खालून धान्य चाळल्याचा आवाज, हमालांची हाळी, आणि मागच्या गल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट. तो खडखडाट इतका अंगवळणी पडला होता की सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की आम्हाला झोप लागायची नाही. घरभर ज्वारीची बारीक धूळ असायची. अव्वा, म्हणजे माझी आई, भाकरी थापता थापता मध्येच तिच्यावर शिंकायची. सकाळी भाकरी आणि शेंगाची चटणी, दुपारी भाकरी आणि एण्णेगायी, म्हणजे तेलात शिजवलेली भरली वांगी, आणि सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. बोलणं अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. लाड असले की कानडी, भांडण असलं की मराठी, आणि दोडप्पा तर हिशेबाच्या गोष्टी कानडीतून अशा भराभर बोलायचे की समोरचं गिऱ्हाईक नुसतं मान हलवायचं. माझे वडील, आमचे अप्पा, त्यांच्या हाताखाली दुकानात बसायचे. अप्पांना घरात मत नव्हतं असं नाही. होतं, पण ते दोडप्पांनी आपलं सांगितल्यावर अप्पांना आठवायचं.

मी बी.एस्सी. झाले आणि पुण्याकडच्या एका विद्यापीठात संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.साठी अर्ज टाकला. कुणाला न विचारता टाकला, कारण विचारलं असतं तर टाकताच आला नसता. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. ते अजून चालू आहे आणि त्यांचे वकीलही असतील. नेटकॅफेत बसून ई-मेल उघडला तर तिथं अभिनंदन! तुम्हाला प्रवेश देऊ करण्यात येत आहे, वसतिगृहात जागा आहे, अमुक दिवशी पालकांसह भेटीला या, विद्यापीठ बघा आणि तिथंच होकार कळवा. मी त्याची छापील प्रत काढली आणि जिना एकेक पायरी गाळत चढले. दोडप्पा जेवत होते. त्यांनी कागद चष्मा न लावता वाचला, म्हणजे वाचला नाहीच, आणि विचारलं, "हे संख्याशास्त्र म्हंजे काय गं?"

"आकड्यांचं शास्त्र, दोडप्पा."

"हिशेबच की मंग. खाली दुकानात रोज चालतोय, फुकट शिक की."

एवढं बोलले आणि दुसऱ्या दिवशी चौकात भला मोठा फ्लेक्स लागला! आता हे दोडप्पांचं कसं होतं ते समजून घ्या. त्यांना व्यापारी मंडळाच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. पुतणीला विद्यापीठानं बोलावलं, ही बातमी त्यांना ज्वारीच्या तेजीसारखी आयती सापडली. फ्लेक्सवर मधोमध दोडप्पा, हात जोडलेले, पांढराशुभ्र फेटा. वर कोपऱ्यात बसवण्णा. बाजूला गल्लीतल्या पुढाऱ्यांच्या रांगा, एकेकाच्या कानाला मोबाइल. आणि अगदी खाली, शुभेच्छुकांच्या नावांच्या जरा वर, पासपोर्टच्या आकाराची मी. माझा तो फोटो दहावीच्या हॉलतिकिटावरचा होता, दोन वेण्यांचा. लोक दुकानात येऊन दोडप्पांनाच हार घालून गेले. शाल त्यांना, नारळ त्यांना. मला अव्वानं साखर दिली.

आठवडाभर सत्कार झोडून झाल्यावर दोडप्पांच्या ध्यानात आलं, की अरेच्चा, आता पोरीला खरंच पाठवावं लागणार! आणि पाठवायचं तर त्यांच्या मनात नखाएवढंही नव्हतं. कारण मंगळवेढ्याचं एक स्थळ त्यांनी मनात धरलं होतं. काळ्या रानात मैलभर पसरलेली ज्वारी, स्वतःचं गोदाम, मुलगा एकुलता एक. दोडप्पांना जावई नको होता, मालाचा पुरवठा हवा होता. पण चौकात हात जोडून उभं राहिल्यावर 'पाठवत नाही' म्हणायचं कुठल्या तोंडानं? दोन दिवस ते जेवताना नुसते भाकरीकडं बघत बसले. मग एका सकाळी तोंडभर हसत वर आले आणि म्हणाले, "असं करू. रीतीनं जाऊ. पोरगी दोन वर्सं दुसऱ्याच्या घरात ऱ्हानार, म्हंजे घर बघाय नको? आक्काला बोलीवतो मैंदर्गीहून."

अव्वाच्या हातातलं भाकरीचं पीठ तसंच राहिलं. आत्यानं भल्याभल्यांची घरं नाकारली होती. चिरेबंदी घरं, बोअरला पाणी असलेली घरं, दारात ट्रॅक्टर असलेली घरं. तिच्यापुढं कुठलं विद्यापीठ टिकणार होतं? ती अर्धा कप ठेवणार, दोडप्पा 'इचार करून कळवतो' म्हणणार, आणि घरी येऊन गल्लीला सांगणार, आमची तयारी होती हो, पण घरच पसंत पडलं न्हाय. फ्लेक्सही राहील आणि पोरगीही राहील. पुढच्या सोमवारी मंगळवेढ्याचं घर बघायला जायचं त्यांनी त्याच दमात जाहीर करून टाकलं. मी अप्पांकडं बघितलं. अप्पा म्हणाले, "आक्का बघील ते खरं." मला इतका राग आला की मी ताटावरनं उठले, आणि उपाशी राहून कुणाचंच काही बिघडत नाही हे कळल्यावर दुपारी गुपचूप दोन भाकऱ्या खाल्ल्या.

आत्या भेटीच्या आदल्या दिवशी एसटीनं आली. उंच, हाडकुळी, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, कमरेला पानसुपारीची चंची. आल्या आल्या तिनं मला निरखून विचारलं, "तुला जायचं हाय व्हय तितं?"

"हो, आत्या. लई जायचंय."

"तुझ्या जायाला काय इचारायचं? घर कसं हाय ते बघायचं," असं म्हणून ती पाय धुवायला गेली. म्हणजे माझं मत तिनं विचारलं आणि लगोलग मोडीतही काढलं. त्या रात्री मी तिचा मनापासून द्वेष केला.

जीपमध्ये दोडप्पा पुढं, मागं आत्या, अप्पा, अव्वा आणि मी. घर बघायला जाताना माणसं विषम लागतात, ती तशी झाली. बरोबर एक नारळ, कडक भाकऱ्यांची चवड, चटणीचा डबा, दह्याचं मडकं. विद्यापीठानं दुपारचं जेवण ठेवलंय असं त्या पत्रात लिहिलं होतं, पण आत्या म्हणाली की घर पसंत व्हायच्या आधी त्यांच्यात जेवायचं म्हणजे मिंधं व्हायचं. वाटेत दोडप्पा ड्रायव्हरला फ्लेक्स छापायचा दर सांगत होते, अव्वा ओठातल्या ओठात शिवाचं नाव घेत होती आणि मी दह्याचं मडकं मांडीवर धरून बसले होते. आयुष्याचा निकाल लागायला चाललाय आणि हातात काय, तर दही!

विद्यापीठाची कमान लांबूनच दिसली. तिच्यावर सोनेरी अक्षरं, दोन्ही बाजूंना सिंह, आणि आत शिरल्या शिरल्या कारंजं, पुरुषभर उंच उडणारं. अप्पा "बाप रे" म्हणाले. आत्या कमानीकडं मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "दार लई मोटं केलंय. आत काय कमी हाय?" दोडप्पांनी तेवढं ऐकलं आणि मिशीवरून हात फिरवला. त्या दिवसभरात ते जेव्हा जेव्हा मिशीवरून हात फिरवत, तेव्हा तेव्हा माझं एकेक पाऊल मंगळवेढ्याकडं पडत होतं.

आमचं स्वागत गळ्यात निळी पट्टी अडकवलेल्या एका हसऱ्या मुलीनं केलं. ती इंग्रजीत काहीतरी भराभर म्हणाली, मग आमच्या हातातलं मडकं बघून मराठीवर आली. तिनं आम्हाला एका गारेगार सभागृहात बसवलं. तिथं आमच्यासारखीच आणखी कुटुंबं होती, सगळी जिवाला घाबरून गप्प. पडद्यावर गोऱ्या मुलांचे हसरे फोटो आले. ही मुलं इथं कुठं आहेत असं कुणी विचारलं नाही. मग संस्थापकांच्या जीवनावरची फिल्म. संस्थापक हात जोडून, संस्थापक झाड लावताना, संस्थापक मंत्र्याच्या कानात बोलताना. बाहेर आलो तर प्रत्येक भिंतीवर संस्थापक. दोडप्पा एका तसबिरीपुढं थबकले. इतक्या मोठ्या फोटोचा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा. "मानूस मोटा हाय," ते हळूच अप्पांना म्हणाले, आणि क्षणभर मला वाटलं, तरले बाई मी! पण कसलं काय. ते फक्त फोटोची चौकट बघत होते.

आत्यानं मात्र वेळ घालवला नाही. "चला, घर दावा," ती म्हणाली. निळ्या पट्टीवाली आम्हाला ग्रंथालयात घेऊन गेली. पुस्तकं भरपूर, पण सगळी काचेच्या कपाटांत, आणि कपाटांना कुलपं. किल्ली कुठाय, तर सर रजेवर. आत्या म्हणाली, "पाव्हनं आल्यावर काढायची भांडी बी अशीच कपाटात अस्त्यात." पुढं संगणक प्रयोगशाळा. दाराला लाल फीत आडवी बांधलेली. काचेतून बघायचं, आत जायचं नाही. आत ओळीनं नवे संगणक, प्रत्येकावर प्लॅस्टिकची पिशवी तशीच. मुलगी म्हणाली, "मंत्रिमहोदयांची वेळ मिळत नाहीये. उद्घाटन झालं की सुरू." मी काचेला नाक लावून बघत राहिले. ज्याच्यासाठी मी आले होते ते सगळं तिथं होतं, फितीच्या पलीकडं, पिशवीत. माझ्या पाठीमागं दोडप्पांनी मिशीवरून दोन्ही हात फिरवले.

आणि मग वसतिगृह. मुलीला ते दाखवायचं नव्हतं, "दुरुस्ती चालू आहे, आजी," असं ती चारदा म्हणाली. पण आत्याला कुणी अडवलंय? ती वासानं गेल्यासारखी सरळ मागच्या बाजूला गेली. तिथं टँकर उभा होता आणि मुली बादल्या घेऊन रांगेत. आत्यानं न्हाणीतला नळ सोडला. नळातून फूस असा आवाज आला आणि एक थेंब पडला. आम्ही सोलापूरची माणसं, नळाला रोज पाणी येत नाही याचं आम्हाला नवल नव्हतं. आमच्या घरातली निम्मी भांडी पाणी भरून ठेवायलाच आहेत. पण आत्या नळाकडं आणि मग लांब, कमानीच्या दिशेनं बघत राहिली. "पाव्हन्यापुढं कारंजं," ती म्हणाली, "आन् सुनंला कोरडा नळ. झालं माझं घर बघून."

तरी ती तिथून हलली नाही. आम्हाला पिटाळून तिनं बादलीवाल्या दोन पोरींना बाजूला घेतलं, एकीची बादली दुसऱ्या बाजूनं धरली आणि त्यांच्याबरोबर जिना चढून वर गेली. ही तिची नेहमीची रीत, आधीच्या सुनेला एकटं गाठायची. आम्ही खाली उभे. दोडप्पा आता उघडच खुशीत होते. मला म्हणाले, "वाईट वाटून घिऊ नगंस. आपुन तर तयार होतो." माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी त्यांना दिसू दिलं नाही. दही आंबलं असेल, असं काहीतरी बोलून मी मडक्यात बघत राहिले. आत्या खाली आली तेव्हा तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, म्हणजे लाकडी. मी जवळ जाऊन "आत्या, पाण्याचं मी बघून घेईन" असं म्हणाले, तर तिनं मला हातानंच गप्प केलं.

शेवटी प्रवेश विभागाच्या संचालकांच्या दालनात आम्हाला नेलं. संचालक तरुण होते, कोट घातलेले, घामेजलेले. त्यांनी हात पुढं केला, दोडप्पांनी नमस्कार केला, दोघांचंही अर्धवट राहिलं. संचालक म्हणाले, "कसं वाटलं आमचं विद्यापीठ?" दोडप्पा म्हणाले, "आक्का सांगल." आत्यानं आधी घराची चौकशी केली. तुमचे मालक कोण, त्यांना मुलं किती, मालकीण आहे का, ती कशी आहे. संचालक गडबडून भिंतीवरच्या संस्थापकांकडं बघायला लागले. मग आत्या देण्याघेण्याकडं वळली.

"ह्या घरात पोरगी आमी द्यायची."

"हो, म्हणजे... प्रवेश, हो."

"आन् वर पैसं बी आमीच द्यायचं."

"फी असते ना, मॅडम. हप्त्यांची सोय आहे."

"म्हंजे हुंडाच की! हप्त्यानं घ्या न्हायतर एकदम घ्या."

संचालकांनी कॉलर सैल केली. दोडप्पा तर खुर्चीत डोलायचे राहिले होते. अप्पा खाली बघत होते. मी मनातल्या मनात त्या साऱ्या खोलीला, संस्थापकांसकट, शिव्या देत होते.

"आन् दोन वर्सं झाल्यावर?" आत्यानं विचारलं.

"दोन वर्षांनी डिग्री मिळेल, मॅडम."

"ते नव्हं. पोरगी कुटं ऱ्हाती मंग?"

"पोरगी... तुमच्याकडंच. डिग्री घेऊन घरी. किंवा तिला पाहिजे तिथं नोकरीला. आमचा काही संबंध नाही नंतर." बिचाऱ्याला वाटलं आपण काहीतरी चुकीचं बोललो. "म्हणजे माजी विद्यार्थी संघ आहे आमचा," त्यानं घाईनं जोडलं.

एवढ्यात चहा आला. सोनेरी काठाचे कप, त्यांच्यावर विद्यापीठाचं चिन्ह, आणि आत कोमट पाणी. त्यात दोरा लावलेली पुडी. दुधाची भुकटी वेगळ्या पुडीत, साखर वेगळ्या पुडीत. तसला चहा आमच्या घराण्यात कुणी बघितलाही नव्हता. अप्पांनी दोरा हलकेच ओढून बघितला. आत्यानं ती पुडी मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तशी उचलली आणि बशीत टाकली. कपात मळकट पाणी उरलं. साखरेच्या पुड्या तिनं फोडल्याच नाहीत. एक घोट घेतला. तिच्या गळ्याशी काहीतरी अडल्याचं मला स्पष्ट दिसलं. दोडप्पा खाकरले. मी टेबलाच्या कडेला नखं रुतवून त्या कपाकडं बघत होते. बघितलं नसतं तर बरं, असंही वाटत होतं. आत्यानं दुसरा घोट घेतला. तिसरा घेतला. पाणी अर्ध्यावर आलं. ती थांबली. दोडप्पा पुढं सरकले, "बरं का साहेब, आमी जरा इचार करून कळ..."

आत्यानं कप पुन्हा तोंडाला लावला, मान मागं टाकली आणि शेवटच्या थेंबापर्यंत ते पाणी पिऊन टाकलं. कप बशीत टक्कन ठेवला. दोडप्पांचं 'कळवतो' तोंडातच राहिलं. आत्यानं पिशवीतून नारळ काढून संचालकांच्या टेबलावर ठेवला, कुंकवाची डबी उघडून त्यांच्या कपाळाला बोट लावलं, त्यांच्याच साखरेची एक पुडी फोडून त्यांच्या तळहातावर ओतली आणि म्हणाली, "तोंड गोड करा." त्या माणसानं भांबावून साखर खाल्ली. वर "थँक्यू" म्हणाला. अव्वा पदरात तोंड घालून हसत होती की रडत होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

परत निघालो. जीपमध्ये दोडप्पा पुढं ताठ बसले होते आणि ड्रायव्हरला उगीचच गाडी हळू का चालवतोस म्हणून खेकसत होते. मी आत्याचा हात धरायला गेले तर तिनं तो काढून घेतला. तिचा रंग गेला होता. मोहोळजवळ आल्यावर ती म्हणाली, "थांबीव रं." उतरली, रस्त्याच्या कडेला बाभळीखाली गेली आणि भडभडून ओकली. अव्वानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, तांब्यातलं पाणी दिलं. आत्यानं खळखळून चुळा भरल्या आणि जमिनीवरच बसकण मारली. "शी शी शी," ती म्हणाली, "तसलं घाण पानी जल्मात प्याले न्हवते. काड गं भाकरी."

आम्ही तिथंच बाभळीखाली डबे उघडले. कडक भाकरी मोडल्याचा आवाज, चटणीचा वास, शेजारून ट्रक जात होते. आत्यानं दोन घास खाल्ले तेव्हा कुठं तिच्या तोंडावर रंग आला. दोडप्पा उभेच होते, पाठ फिरवून. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"मंग प्यालीस कशाला? घर चांगलं हाय व्हय ते?"

"चांगलं? थू! लई वाईट घर हाय. पुस्तकं कुलपात, मशिनी पिशवीत, नळाला पानी न्हाय. मालकाचं थोबाड तेवडं भिंतीभिंतीला, तुझ्या फलकासारकं."

"तर मंग!"

आत्यानं भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला. "त्या बादलीवाल्या पोरीस्नी मी इचारलं, माहेरी कवा जाता गं? तर म्हनल्या, मनात आलं की. म्हनलं, कुनाला इचारून? तर त्या माझ्याकडं खुळ्यागत बघाय लागल्या. हसल्या. म्हनल्या, कुनाला इचारायचं आजी, एसटीत बसायचं." तिनं तुकडा खाली ठेवला. "आपली आई गेली तवा मैंदर्गीला सांगावा आला हुता. मी घरात कंबर मोडंपर्यंत हात जोडले. मला मातीला न्हाय धाडलं, माती झाल्यावर धाडलं. तुला ठाव हाय. तूच न्ह्यायला आला हुतास."

अप्पांनी डोळे पुसले, सगळ्यांच्या देखत. मला आत्याबद्दल आदल्या रात्री जे वाटलं होतं ते आठवून आतून मेल्यागत झालं, आणि आताही, इतक्या वर्षांनी, लिहिताना होतंच आहे. हिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोऱ्या आणि पिठाचे डबे कशाला उपसले, ते मला त्या बाभळीखाली कळलं. तिचं स्वतःचं घर बघायला मात्र कुणीच गेलं नव्हतं. पुरुषांनी बैठकीत सुपारी फोडली आणि तिला देऊन टाकली.

मी गेले विद्यापीठात. पाणी पहिलं वर्षभर टँकरनंच आलं, आणि फीत कापायला मंत्री आले तेव्हा आमची शेवटची परीक्षा झाली होती. तरी शिकले, डिग्री घेतली आणि एसटीत बसून परत आले, कुणाला न विचारता. दोडप्पा निवडणूक हरले. तो फ्लेक्स पुढं कितीतरी पावसाळे दुकानामागच्या ज्वारीच्या पोत्यांवर अंथरलेला होता, वर दोडप्पा हात जोडून आणि खाली एका कोपऱ्यात दोन वेण्यांची मी.

पण ते पुढचं. बाभळीखाली दोडप्पांनी बराच वेळ धोतराचा सोगा सारखा केला, रस्त्याच्या पलीकडं बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "मंगळवेढ्याला आता काय निरोप धाडू?"

आत्यानं चटणीला बोट लावलं, चाटलं आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "सांग, पोरगी दिली."